साथीचा तबलजी

मैफलीची वेळ झालेली असते. दोन तंबोरे जुळून झंकारूं लागलेले असतात, गवई डोळे मिटून षड्ज लावण्याच्या तयारींत असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं तबलजी हातांत लहानशी हातोडी घेऊन तबल्याच्या कडेवर ठोकठोक करीत असतो. पुष्कळ श्रोत्यांना ही ठोकठोक म्हणजे गाण्याच्या आड येणारा एक अडथळा वाटतो. कोणी शेजाऱ्याशीं बोलूं लागतो, कोणी पानाचा डबा उघडतो. वास्तविक तबलजीची परीक्षा त्याच क्षणीं सुरू झालेली असते; आणि जाणता गवई डोळे मिटलेले असले तरी त्या हातोडीकडे कान लावून बसलेला असतो. पुढचे दोन तास आपला भार कोणाच्या खांद्यावर टाकावयाचा आहे, हें त्याला त्या दोन मिनिटांतच बरेंचसें कळून चुकतें.

चांगला तबलजी कोणाला म्हणावें, असा प्रश्न सामान्य श्रोत्याला केला तर तो बहुधा असें उत्तर देईल कीं, ज्याचा हात विजेसारखा चालतो, ज्याच्यापाशीं बोलांचा सांठा अफाट आहे, आणि जो अवघड तिहाई घेऊन बरोबर समेवर येतो, तो. हाच प्रश्न एखाद्या अनुभवी गवयाला केला तर उत्तर निराळें येतें. तो म्हणतो, ज्याचा ठेका चांगला, तो. पहिल्या उत्तरांतील गुण टाळ्या मिळवितात. दुसऱ्या उत्तरांतील गुणाला टाळी पडल्याचें क्वचितच कोणी ऐकलें असेल. या दोन उत्तरांमधील अंतरांतच साथीच्या विद्येचें सारें मर्म सांठविलेलें आहे.

प्रथम त्या हातोडीकडेच पाहूं. तबला हें केवळ ताल दाखविण्याचें साधन आहे, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं. जगांतील बहुतेक चर्मवाद्यांतून निघणारा आवाज हा ध्वनि असतो, स्वर नसतो. कारण ताणलेल्या साध्या चामड्याचे निरनिराळे कंप परस्परांशीं जुळत नाहींत. तबल्याच्या पुडीवर मधोमध लोखंडाचा कीस आणि खळ यांची जी काळी शाई थरावर थर देऊन घोटलेली असते, तिच्या भारामुळें हे कंप एकमेकांशीं सुसंवादी होतात आणि चामड्यांतून सतारीच्या तारेसारखा निश्चित स्वर उमटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं एका सहकाऱ्यासह हें शास्त्रीय रीतीनें दाखवून दिलें. आपल्या कारागिरांना मात्र तें हातानें आणि कानानें पूर्वींपासून अवगत होतें.

याचा अर्थ असा कीं, तबल्यावर पडणारी चांटीवरची प्रत्येक थाप हा गवयाच्या कानीं पडणारा एक स्वर असतो. तो षड्जाशीं जुळलेला असेल तर गवयाला तिसरा तंबोरा मिळाल्यासारखें होतें; केसभर उतरलेला असेल तर दर क्षणाला कोणी तरी त्याला चुकीचा स्वर सांगत बसल्यासारखें होतें. शिवाय चामडें ही हवेच्या लहरीवर चालणारी वस्तु. पावसाळी दमट हवेंत पुडी उतरते, दिव्यांच्या उष्णतेनें चढते. म्हणून चांगला तबलजी एकदा तबला मिळवून स्वस्थ बसत नाहीं. गाण्याच्या ओघांत, दोन आवर्तनांच्या सांध्यांत, गवयाचें लक्ष विचलित न करतां तो एखादा गट्टा हलवितो, गजऱ्यावर हलकी ठोक देतो. ज्याला स्वर कळत नाहीं त्याला हें साधत नाहीं. यास्तव तालाच्या या सेवकाचा पहिला गुण स्वराचा कान हाच म्हणावा लागेल.

यानंतर ठेका. तीनतालाच्या सोळा मात्रांचा ठेका कोणीहि होतकरू विद्यार्थी कांहीं दिवसांत वाजवूं शकतो, आणि एकतालाच्या बारा मात्रांचे बोल तर लहान मुलांनाहि पाठ होतात. मग त्यांत अवघड काय आहे? अवघड आहे ती लय. विशेषतः विलंबित लय. मोठा ख्याल अतिविलंबित एकतालांत चालला असतां एकेक मात्रा चार-पांच सेकंदांची होते, आणि बारा मात्रांचें एक आवर्तन पुरें व्हावयास पाऊण मिनिटापासून मिनिटापर्यंत वेळ लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही लय अधिकच संथ झाली. अमीरखां (१९१२–१९७४) यांच्यासारखे गवई चौदा मात्रांच्या झुमऱ्यांत इतक्या धिम्या गतीनें गात कीं, नवख्या श्रोत्याला ताल कोठें सुरू होतो आणि कोठें संपतो याचा पत्ताच लागूं नये.

अशा वेळीं तबलजीपुढें दोन संकटें उभीं राहतात. चामड्यावरची थाप क्षणांत विरते. दोन थापांच्या मध्यें एक भलीमोठी पोकळी पडते. ती पोकळी तशीच ठेवली तर गवयाला आपण कोठें आहों हें दिसत नाहीं. ती बोलांनीं गच्च भरून टाकली तर त्या गर्दींत गवयाचा आलाप गुदमरतो. म्हणून डग्ग्यावरील तळव्याच्या दाबानें आवाज किंचित् लांबवावयाचा, मधल्या फटींत एक-दोन हलकीं अक्षरें पेरावयाचीं, आणि तीं इतक्या बेताचीं ठेवावयाचीं कीं गवयाला वाट तर दिसावी पण पायांत कांहीं येऊं नये, हें कौशल्य त्याला संपादावें लागतें. दुसरें संकट त्याच्या स्वतःच्या अंतःकरणांत असतें. रिकामा काळ मनुष्याला सहन होत नाहीं. वाट पाहातांना मन पुढें धांवतें आणि हातहि पुढें धांवतो. पहिल्या आवर्तनाला जी लय होती तीच पंचवीस मिनिटांनंतरहि ठेवणें, गवई तानांवर आला कीं स्वतः न तापणें, आणि श्रोत्यांनीं वाहवा केली कीं न फुलणें, यासाठीं हातापेक्षां मनाचीच तालीम अधिक लागते.

मैफलीच्या प्रारंभींचा एक क्षण याहूनहि कसोटीचा असतो. गवई तालाशिवाय थोडा आलाप करतो आणि मग चीजेचा मुखडा उचलतो. हा मुखडा म्हणजे समेच्या अलीकडची चार-पांच अक्षरें. तेवढ्या अक्षरांवरून तबलजीला गवयाच्या मनांतील लय ओळखावी लागते आणि समेच्या अक्षराबरोबर आपली पहिली थाप द्यावी लागते. ती थाप देतांना त्यानें जी लय धरली, तिच्यावर पुढच्या अर्ध्या तासाचें गाणें उभें राहावयाचें असतें. लय थोडी चढी धरली तर गवयाला श्वास पुरत नाहीं, थोडी उतरती धरली तर गाणें लोंबकळूं लागतें. मोजावयाला कोणतेंहि यंत्र नसतें, विचारावयाला सवड नसते. जो तबलजी गवयाचा आलाप चालूं असतां ऐकत बसलेला असतो, त्यालाच ही लय सांपडते. जो त्या वेळीं आपण पुढें कोणते बोल वाजवावयाचे याचा विचार करीत असतो, त्याला ती सांपडत नाहीं.

आतां गवयाच्या चुकीचा प्रसंग घेऊं. मोठमोठ्या गवयांचीहि सम कधींमधीं चुकते. स्वरांच्या तंद्रींत मात्रेचें भान सुटतें आणि मुखडा घ्यावयाची जागा निघून जाते. त्या वेळीं सारी सभा दोघांकडे पाहात असते, आणि तबलजीच्या हातांत एक भयंकर सत्ता आलेली असते. समेची थाप ठणकावून देऊन तो गवयाची फजिती चव्हाट्यावर मांडूं शकतो. दुसरा एखादा भिडस्त तबलजी गवयाला झांकण्यासाठीं एखादी मात्रा वाढवितो किंवा कमी करतो. आणि ताल मोडला म्हणजे गवयाबरोबर तोहि बुडतो. चांगला तबलजी यांतलें कांहींच करीत नाहीं. तो ठेका जराहि न ढळूं देतां अधिक स्पष्ट करतो. कालाची जागा मोकळी दाखवितो, समेच्या अलीकडचे बोल थोडे उठावदार वाजवितो, आणि गवयाला आपलें स्थान आपणच सांपडेल असें करतो. पुढच्या आवर्तनाला गवई समेवर येतो, सभेला वाटतें कीं हा त्याचा विलासच होता, आणि खरी हकीकत त्या दोघांनाच ठाऊक असते. येथें ताल सांभाळला जातो आणि माणूसहि सांभाळला जातो. विद्येइतकाच हा शीलाचा गुण आहे.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल कीं, नुसता ठेकाच धरावयाचा तर त्याला माणूस तरी कशाला हवा? गेल्या शतकाच्या अखेरीपासून विजेवर चालणारीं तालयंत्रें घरोघर आलीं आहेत. कळ दाबली कीं हवा तो ताल, हव्या त्या लयींत, हवा तितका वेळ वाजत राहातो. त्यांत केसाचाहि फरक पडत नाहीं. एकट्यानें रियाज करणाऱ्याला त्यांचा उपयोग मोठा आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्याच यंत्राबरोबर कोणी गवई उत्साहानें मैफल करूं पाहात नाहीं. यंत्राला मात्रा येते, पण गाणें ऐकूं येत नाहीं. गवयानें एखाद्या स्वरावर ठहराव घेतला तर त्याची थाप हलकी होत नाहीं. लयीला किंचित् उठाव हवा असला तर तें उचलीत नाहीं. समेवर दोघे मिळून पोंचल्याचा जो आनंद, त्याचा वांटा तें घेत नाहीं. यंत्राच्या या उणिवेवरून एक गोष्ट अगदीं उघड होते. ठेका धरणें याचा अर्थ मात्रा मोजणें एवढाच नसून, दुसऱ्याचें ऐकत ऐकत त्याच्यासाठीं काळ सांभाळणें असा आहे.

मग दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस व पंजाब या घराण्यांनीं पिढ्यान् पिढ्या जमविलेले कायदे, रेले, गती, परणी यांचा उपयोग काय? साथीलाच जर संयम हवा, तर एवढी संपत्ति मिळविण्याचे कष्ट कशासाठीं? याचें उत्तर महाराष्ट्राच्याच रंगभूमीच्या इतिहासांत सांपडतें.

मुरादाबादचे अहमदजान थिरकवा हे मुनीरखां यांचे शिष्य. लहानपणींच त्यांचीं बोटें तबल्यावर अशीं थिरकत कीं त्यावरूनच त्यांना हें नांव पडलें. स्वतंत्र तबलावादनांत त्यांचें स्थान इतकें उंच होतें कीं, १९७६ सालीं ते निवर्तले तेव्हां विसाव्या शतकांतील तबल्याचा एक मानदंडच गेला असें जाणत्यांना वाटलें. त्यापूर्वीं १९७० सालीं सरकारनें त्यांना पद्मभूषण देऊन गौरविलें होतें. असा हा वादक ऐन उमेदींत कित्येक वर्षें १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत होता. नाट्यपदाची साथ ही मोठी नाजूक गोष्ट. नट रंगमंचावर उभा राहून अभिनय करीत गाणार, भाषणांतून पदांत शिरणार, प्रेक्षकांनीं वन्समोअर दिला कीं पुन्हां तेंच पद निराळ्या जागा घेऊन म्हणणार. तबलजीला बोल दाखवावयाला तेथें अवसर थोडा, आणि तोहि पदाच्या शब्दांना धक्का न लावतां साधावयाचा. ज्याच्यापाशीं तासन् तास एकट्यानें सभा जिंकण्याचें सामर्थ्य होतें, त्यानें एका नटाच्या शब्दाशब्दापुढें हात आवरून धरावा, यांतच त्या विद्येची थोरवी होती.

तात्पर्य असें कीं, संयम हा त्यालाच शोभतो ज्याच्यापाशीं आवरण्याजोगें कांहीं आहे. ज्याला बोल येत नाहींत त्याचा साधा ठेका हा नाइलाज असतो. ज्याला येतात त्याचा साधा ठेका ही निवड असते, आणि ऐकणाऱ्याला तो फरक थापेथापेंतून जाणवतो. रियाजानें बोटें निर्भय झालीं म्हणजे मन त्यांच्या काळजींतून सुटतें आणि गाण्याकडे लागूं शकतें. मुनीरखां व त्यांचे भाचे अमीर हुसेनखां यांच्या वास्तव्यामुळें मुंबई हें या विद्येचें एक मोठें पीठ झालें, आणि अनेक मराठी घरांतील मुलांनीं तेथें हात घोटले. त्यांतून पुढें जे साथीला बसले, त्यांच्या ठेक्यांतील वजन या सांठविलेल्या, पण न दाखविलेल्या विद्येचेंच होतें.

या विषयाची एक दुसरी बाजूहि आहे. तबलजी जेव्हां स्वतंत्र वादन करतो तेव्हां पारडें उलटतें. आतां तो मुख्य असतो, आणि सारंगीवाला किंवा पेटीवाला त्याची साथ करतो. त्या साथीदारानें एका आवर्तनाची एकच सुरावट, म्हणजे लेहरा, अर्धा-पाऊण तास न बदलतां वाजवावयाची असते. त्यानें लय किंचित् ढिली केली कीं तबलजीचा कायदा कोसळतो. त्यानें उत्साहाच्या भरांत आपल्याच ताना सुरू केल्या कीं तबलजीची मात्रा हरवते. आपल्यासाठीं दुसऱ्यानें निमूटपणें काळ धरून बसणें ही केवढी देणगी आहे, हें तबलजीला तेथें कळतें. लेहरेवाल्याचें हें ऋण ज्यानें मनापासून जाणलें, तो गवयाच्या साथीला बसल्यावर सहसा उतावीळ होत नाहीं.

आणि तरीहि साथीच्या तबलजीला समाजानें दीर्घकाळ योग्य मान दिला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांतील नाचाच्या बैठकींचीं चित्रें पाहिलीं तर नर्तकीच्या मागें तबला कमरेला बांधून उभा असलेला वादक त्यांत दिसतो. त्याला बसावयासहि स्थान नव्हतें. तबलजी या शब्दालाच त्यामुळें एक हलकेपणा चिकटला, आणि पुढें पुष्कळांनीं तो टाकून तबलावादक हें नांव पत्करलें. नभोवाणीवर गवयाबरोबर साथीदाराचेंहि नांव सांगितलें जाऊं लागलें. वाद्यसंगीताच्या जोडीनें तबला परदेशांत गेला. अल्लारखां (१९१९–२०००) आणि त्यांचे पुत्र झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांनीं त्याला जगाच्या व्यासपीठावर अग्रभागीं नेऊन बसविलें. हा मान न्याय्य होता आणि त्याला उशीरच झाला होता.

परंतु मान मिळण्याच्या या खटपटींत एक धोकाहि शिरला आहे. मान हा बोटांच्या वेगालाच मिळतो असें तरुणांना वाटूं लागलें, तर ठेका ही दुय्यम माणसाची मजुरी ठरेल. गाणें ऐन रंगांत असतां आपलीच तिहाई पुढें दामटणारा, गवयानें क्षणभर विसावा घेतला कीं तेवढ्यांत सभा आपल्याकडे ओढूं पाहणारा तबलजी आज दुर्मिळ नाहीं. त्याला एकट्यालाच दोष देतां येत नाहीं. श्रोते त्याच वेळीं टाळ्या पिटतात. कांहीं गवयांनींहि साथीदाराला केवळ खालचें स्थान दिलें, आणि ज्याला कायम खालीं बसविलें जातें तो संधि सांपडतांच उठून उभा राहाणारच. झाकिर हुसेन यांच्याच उदाहरणावरून खरा बोध घ्यावयाचा असेल, तर त्यांच्या वेगाइतकेंच त्यांच्या कानाकडे पाहिलें पाहिजे; गवई किंवा सतारिया वाजवीत असतां त्यांची दृष्टि आणि चित्त त्याच्यावर खिळलेलें असे, हें त्यांना ऐकावयास गेलेल्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

गवयाचें कर्तव्यहि यांतून निघतें. ज्याच्यावर आपण सारा भार टाकतों त्याला मैफलीच्या आधीं भेटून चीजेची लय सांगणें, त्याला तबला मिळविण्यास पुरेसा वेळ देणें, आणि गाण्यांत योग्य जागीं एखादें-दोन आवर्तनें त्याला मोकळीं सोडणें, यांत गवयाचें कांहींच कमी होत नाहीं. उलट ज्याला आपली पाळी येणार हें ठाऊक असतें, तो दुसऱ्याच्या पाळींत घाई करीत नाहीं. परस्परांवरील हा विश्वास जेथें आहे तेथें समेवर दोघांच्या माना एकाच वेळीं हलतात, आणि श्रोत्यांच्याहि नकळत हलतात.

यापुढें नभोवाणीवर मोठा ख्याल लागला म्हणजे श्रोत्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. पहिलीं चार-पांच आवर्तनें गवयाकडे लक्ष न देतां नुसत्या ठेक्याकडे कान द्यावा. प्रथम तोच तोच बोल पुन्हां येतो आहे, एवढेंच जाणवेल. थोड्या वेळानें दोन थापांच्या मधली मोकळी जागा ऐकूं येऊं लागेल. ती दरवेळीं तेवढीच कशी राहते याचें आश्चर्य वाटूं लागेल. मग गवयाकडे कान वळवावा. त्याचे स्वर त्या जागेंत निर्धास्तपणें फिरतांना ऐकूं येतील. तो निर्धास्तपणा गवयाचा एकट्याचा नसतो. कोणी तरी त्याच्या शेजारीं बसून तो क्षणाक्षणाला त्याला मिळवून देत असतो. कार्यक्रमाच्या शेवटीं निवेदक साथीदाराचें नांव सांगेल, तेवढें ऐकून मग नभोवाणी बंद करावी.